कुमुदकाकूंचा ब्लॉग आणि कारल्याची बर्फी

एका गावात एक भोळा टायपिस्ट होता. नाव भागुजी. टायपिंगच्या परीक्षेत तो पहिला आला होता, कारण तिथे समोर असेल ते जसंच्या तसं उतरवायचं असतं. डोकं चालवलं की गुण जातात. भागुजीचा एकही गुण गेला नव्हता.

तो कुमुदकाकूंच्या ओटीवर बसून त्यांचा पाककृतींचा ब्लॉग टाईप करायचा. ओटीसमोर गोठा होता आणि गोठ्यात कपिली गाय.

तालुक्याच्या महिला मंडळाने उत्तम ब्लॉगला बक्षीस ठेवलं होतं. मागच्या वर्षी ते शेजारच्या मंगलाबाईंना मिळालं.

"तिच्या पाककृती अकरा, माझ्या तीनशे!" काकू म्हणाल्या. "पण तिच्या नीट लावलेल्या आणि माझा नुसता पसारा. या वर्षी बक्षीस आपल्याच घरात आलं पाहिजे. भागुजी, सगळं तारखेप्रमाणे लाव. नवं वर, जुनं खाली."

भागुजीने लावलं. काकू खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या नातवाचं बारसं होतं. काकू म्हणाल्या, "पानं वाढलीत. लोकांना ओळीने बसव."

भागुजीने बसवलं. पहिल्या पाटावर बारा दिवसांचं बाळ. त्याच्याशेजारी दोन रांगणारी. सगळ्यात शेवटी, पार गोठ्याच्या दारात, नव्वदीचे आबा. कपिली त्यांची टोपी चाटत होती.

"अरे, हे काय केलंस?"

"नवं वर, जुनं खाली."

"नुसत्या तारखेने भागत नाही रे! प्रकारही बघावा. सारख्याशेजारी सारखं ठेवावं."

"बरं," भागुजी म्हणाला.

पाहुणे गेल्यावर काकूंनी त्याला स्वयंपाकघर आवरायला सांगितलं. त्याने साखर, मीठ, रवा आणि कपडे धुवायची पावडर एका डब्यात भरली. सगळं पांढरं, एकसारखं. संध्याकाळी काकूंचे यजमान दिनकरकाका चहा प्यायले आणि शिंकले. नाकातून फुगा आला.

"दिसतं कसं ते नको बघूस, मेल्या!" काकू ओरडल्या. "शेवटी जातं कुठे ते बघ. साखर चहात जाते, पावडर बादलीत जाते. त्यावरून प्रकार ठरतो."

"आणि एकच गोष्ट दोन ठिकाणी गेली तर?"

"तर दोन्हीकडे लिही! आता ब्लॉगलाही तसेच प्रकार लाव. तारीख आहे तशी राहू दे. उद्या मंडळाच्या अध्यक्षा येणार आहेत. जमेल ना?"

"जमेल की. शेवटी कुठे जातं ते बघायचं."

भागुजी ओटीवर बसला. काम सोपं होतं. तीनशेच्या तीनशे पदार्थ कुठे गेले, ते त्याने इथूनच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षा वत्सलाबाई आल्या. काकूंनी त्यांना पोहे दिले आणि लॅपटॉप पुढे ठेवला. बाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"पाहुण्यांनी संपवलेलं: चार. काकांनी डोळे मिटून गिळलेलं: एकशे दहा. काकूंची पाठ वळताच काकांनी गाईला घातलेलं: एकशे शहाऐंशी."

बाईंनी पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली. दिनकरकाका उठून गोठ्यात गेले.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. पण बक्षीस डोळ्यांसमोर होतं. त्या घाईघाईने म्हणाल्या, "बाई, चेष्टेखोर आहे हो हा! ते सोडा. तुम्ही मागच्या वर्षी मला शिकवलेली कारल्याची बर्फी आहे ना यात! भागुजी, दाखव बघू बाईंना."

बाई जरा खुलल्या. "खरंच? कुठे आहे?"

"दोन ठिकाणी आहे, बाई," भागुजी अभिमानाने म्हणाला. "ही बघा. गाईला घातलेलं, बारा जून. आणि ही इथे एकटीच आहे. गाईने परत केलेलं, बारा जून."

"दोन्हीकडे बारा जूनच?" बाईंनी दात आवळून विचारलं.

"तारखेत चूक नाही, बाई," भागुजी म्हणाला. "लगेचच परत केलं होतं."