रंगाऱ्याचा पोपट आणि शेजारणीचा प्रश्न

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात होता एक रंगारी. नाव त्याचं भिवा. त्याच्या हातचा हळदी रंग पंचक्रोशीत नावाजलेला. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. पण माणूस बोलका. दारात येणाऱ्याला चार गोष्टी सांगितल्याशिवाय सोडायचा नाही. शेजारी अनसूया नवऱ्यासोबत राहायची. ती हातमागावर लुगडी विणायची आणि सूत त्याच्याकडूनच रंगवून घ्यायची.

पुढे भिवाची नजर मंदावली. रंग कुठे गडद, कुठे फिका येऊ लागला. गिऱ्हाइकं कुजबुजू लागली. भिवाचं पारावर येणं बंद झालं. चूलही रोज पेटेना. अनसूयेनं भाकरी नेली की म्हणायचा, "कशाला वहिनी? माझा आता कुणाला काय उपयोग? मी नसलो तर सगळ्यांचा ताप कमी होईल."

"म्हातारपण जवळ आलं की माणूस बोलतो असं," लोक म्हणाले.

मग एके दिवशी भिवा दाढी करून, धुतलेला सदरा घालून बाहेर पडला. घरोघर गेला. कुणाला तांब्याचं भांडं दिलं, कुणाला घोंगडी. सगळ्यांशी हसून बोलला. गावाला बरं वाटलं. "सावरला बघा," असं जो तो म्हणू लागला.

दुपारी तो पोपटाचा पिंजरा घेऊन अनसूयेकडे आला. हा पोपट त्यानं पिल्लापासून वाढवलेला.

"याला सांभाळा, वहिनी."

"गावाला निघालात का, भाऊजी? किती दिवस?"

"आता तुमचाच समजा," तो म्हणाला आणि निघून गेला.

अनसूयेनं पिंजरा आत ठेवला. ती तडक पाटलांच्या घरी गेली आणि मनातली शंका बोलली: भाऊजी जिवाचं बरंवाईट तर करणार नाहीत? त्यांना सरळ विचारावं का? पाटलीणबाईंनी तिचा हात धरला. "असलं अभद्र विचारू नको गं. नसलेलं त्याच्या मनात भरेल."

परतताना अनसूया वाटेत थांबली. माझी चूक असली तर? भाऊजी रागावतील, पुन्हा तोंड बघणार नाहीत. मग तिला वाटलं, रागवायला तरी असतील.

तिनं पिंजरा उचलला आणि सरळ भिवाचं घर गाठलं. त्याच्यासमोर बसून तिनं विचारलं, "भाऊजी, जीव द्यायचं मनात आहे का?"

भिवानं दचकून मान वर केली. "कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. म्हणून तुम्हाला विचारते."

त्याचा बांध फुटला. "बरं झालं विचारलंत. एकट्यानं हे धरून धरून थकलो होतो."

'असं वेडंवाकडं बोलू नये,' हे शब्द अनसूयेच्या ओठांवर आले होते. तिनं ते गिळले. उन्हं कलली तरी ती ऐकत राहिली. शेवटी भिवा म्हणाला, "वहिनी, हे कुणाला सांगू नका. शपथ आहे."

"ही शपथ मी नाही घेणार, भाऊजी. मी एकटी पुरी पडणार नाही, आणि तुम्हाला एकटं सोडणारही नाही."

भिवा संतापला, तोंड फिरवून बसला. तरी ती त्याला सोडून गेली नाही. दारातूनच हाक मारून तिनं नवऱ्याला बोलावलं आणि वैद्याला आणायला धाडलं. जिवाला धोका होईल असं जे जे घरात होतं, ते वैद्य आल्यावर नवरा-बायकोनं उचलून आपल्याकडे नेलं. भिवाची बहीण शेजारच्या गावची. निरोप मिळताच ती राहायला आली. कळल्यावर गावकरी पाळीपाळीनं त्याच्याजवळ बसू लागले. पाटलीणबाईही येऊ लागल्या. वैद्य नेमानं यायचे, औषध द्यायचे, त्याच्याशी बोलत बसायचे.

डोळे पहिल्यासारखे झाले नाहीत. मनही लगेच उभारी धरेना. कितीतरी दिवस भिवा अनसूयेशी बोलला नाही. हळूहळू मात्र तो जेवू लागला. शेजारच्या पोरींना रंग कालवायला शिकवू लागला.

पुढच्या थंडीत एका सकाळी अनसूया मागावर बसली होती. दारात सावली पडली. भिवा उभा होता.

"वहिनी, आज पुन्हा तसंच वाटतंय."

अनसूयेनं धोटा खाली ठेवला आणि सरकून चटईवर जागा केली. "या भाऊजी, बसा. सांगा."

तात्पर्य: आपलं माणूस निरवानिरव करू लागलं तर 'सावरलं' म्हणून गप्प राहू नये. स्पष्ट विचारावं, शांतपणे ऐकावं, त्याला एकटं सोडू नये आणि चार हात मदतीला बोलवावेत. विचारल्यानं मरण जवळ येत नाही, माणूस जवळ येतो.