ओदेतची पायरी

दक्षिण फ्रान्सच्या डोंगरांत एक जुने दगडी गाव होते. लांबून माणसे ते पाहायला येत, झिजलेल्या पायऱ्यांवरून हात फिरवत, ‘किती शतकं!’ म्हणत आणि दिवस मावळायच्या आत निघून जात. तिथे एक वृद्ध गवंडी आपल्या शिष्यासह घरांची डागडुजी करीत असे.

पायरी मधोमध खोलगट झाली की दगड उपटून उलटा बसवायचा, म्हणजे खालची कोरी बाजू वर येते, ही तिथली रीत. गावातल्या कितीतरी पायऱ्या वृद्धाने अशा उलटवल्या होत्या. स्वतःच्या दाराची मात्र नाही. त्याची पत्नी ओदेत वर्षापूर्वी वारली होती. चाळीस वर्षे त्या पायरीवरून तिची ये-जा झाली होती.

एके दिवशी शेजारीण त्या खळग्यात पाय मुरगळून पडली. “गवंडीबुवा, ही पायरी आहे की सूप प्यायचा वाडगा?” ती कळवळून म्हणाली. “माझा जीव घेऊन मगच दुरुस्त करणार का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्धाने पहार घेतली. शिष्य आडवा आला.

“नको, बाबा. ओदेतबाईंच्या पावलांची एवढीच खूण उरलीय.”

“खूण कुठे जाते? मातीकडे तोंड करून राहील,” वृद्ध म्हणाला आणि त्याने दगड उचकटला.

खालच्या बाजूलाही तसाच खळगा होता. कुणीतरी पूर्वीच ती पायरी उलटवलेली होती.

वृद्धाने त्या खळग्यातली माती हाताने पुसली. मग घण उचलून त्याने दगडाचे तुकडे केले आणि नव्या पायरीखाली भर म्हणून ते खड्ड्यात टाकू लागला.

“बाबा! हे काय केलंत?”

“मी ह्याच घरात जन्मलो. ही बाजू कुणाच्या पायांनी झिजली, मला ठाऊक नाही. हा दगड उलटवतानाही कुणी रडलं असेल. त्याचंही नाव उरलं नाही. वर्षभर मी ह्या खळग्यालाच ओदेत समजत होतो. दगडाला ओदेत माहीत नाही रे, फक्त वजन माहीत आहे. ठेवला असता, तर मी पुन्हा त्याच्यापुढेच बसलो असतो.”

शिष्य खड्ड्यातले तुकडे सारखे करू लागला. तो गावात आला, तेव्हा ओदेत जाऊन महिना झाला होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, “कशा चालायच्या त्या?”

“भराभर. लग्नाच्या दिवशीसुद्धा चर्चमध्ये माझ्याआधी पोचली होती.”

वर्षभरात वृद्ध पत्नीविषयी पहिल्यांदाच बोलत होता. शिष्याने काम थांबवले आणि तो ऐकत बसला.

गेलेल्या माणसाला ओळखणारे आपणच काय ते उरतो, आणि आपणही फार दिवस नसतो.