कपाटातला पंखा

त्र्यंबकराव खांबेटे सरकारी खजिन्यातून निवृत्त झाले, पण कुलपं लावायची खोड काही गेली नाही. घरात इंटरनेट आलं तसा त्यांनी राउटर लोखंडी कपाटात बंद केला आणि किल्ली जानव्याला बांधली. का, तर म्हणे धूळ बसते.

त्या लोखंडातून सिग्नल बाहेर येणार कसा? सून शर्वाणी शेजारच्या खोलीतून मुलांना ऑनलाइन रसायनशास्त्र शिकवायची. ती अर्ध्या वाक्यात अडकायची आणि पालक एकेक करून मुलांना काढून घेत होते. तिने कपाट उघडायला सांगितलं, तर हा गृहस्थ पाहुण्यांसमोर हसत म्हणाला, "स्पीड भरपूर आहे. हिच्या शिकवण्यातच दम नाही."

वैशाखातल्या एका दुपारी त्र्यंबकराव जेवून आडवे व्हायला आले, तर उशाशी टेबलफॅन नाही.

"पंखा कुठे गेला?"

"माझ्या कपाटात ठेवलाय, बाबा. धूळ बसत होती. चालू आहे, फुल स्पीडवर."

बंद कपाटातून घरघर ऐकू येत होती.

"अगं, मी इथे घामाने निथळतोय."

"वारा भरपूर आहे. तुम्हालाच तो घेता येत नाही."

त्र्यंबकराव कडाडले, "बंद कपाटातून वारा बाहेर येतो होय?"

शर्वाणीने नुसता हात पुढे केला.

घामाने पोटाला चिकटलेली किल्ली जानव्यातून सुटता सुटेना. तेव्हा सासूबाई उठल्या आणि आतून कात्री घेऊन आल्या.