मोराचा शिक्का आणि खारं पाणी

फार फार पूर्वी, राज्यात निळं कापड अजून नवलाचं होतं तेव्हा, एका गोड्या नदीच्या काठी एक रंगारीण राहत होती. तिच्या रांजणातून कापड बाहेर यायचं तेव्हा ते निळं नसायचंच, चक्क हिरवं असायचं. मग त्याला वारा लागायचा, आणि बघता बघता ते हिरवं आतून उजळत निळं होत जायचं. बघणाऱ्यांचा श्वास अडकायचा. रोज बघणाऱ्यांचासुद्धा.

निळीचा रांजण जिवंत असतो, असं रंगारी मानत. त्याला गूळ भरवायचा, टाकळ्याच्या बियांचं पाणी पाजायचं, बेताचा चुना द्यायचा, भोवती शेणखताची ऊब ठेवायची. तो रुसला की रंग मेलाच म्हणून समजा.

एकटी रंगारीण किती गावांना पुरणार? तिने ठरवलं, ज्याला हवा त्याने मोबदला देऊन तिच्या कापडावर उठणारा मोराचा शिक्का न्यावा, आपल्या गावी तिच्या नावाने कापड रंगवावं आणि त्यातला थोडा वाटा तिला पाठवावा.

एके दिवशी तिच्या दारी दोघं आली. एक शहरातला व्यापारी आणि दुसरी दूरच्या खाऱ्या माळावरची तरुण विणकरीण. विणकरणीने घरातले माग विकून मोबदला जमवला होता. आता रंग साधला तरच तिच्या घरची चूल पेटणार होती.

व्यापाऱ्याने एवढंच विचारलं, की शिक्का लांबून दिसेल ना. रंगारीण म्हणाली, थोडे दिवस राहून काम शिकून घ्या. त्यावर तो म्हणाला की ते नोकर बघतील, आपल्याला नाव पुरे. आणि त्याने गाडी जुंपायला सांगितली.

विणकरणीचे मात्र प्रश्न संपेनात. शिकवणार कोण, शेजारच्या गावात आणखी कुणाला शिक्का देणार का, वाटा कमी पडला तर काय.

गाडीत चढता चढता व्यापारी हसला. “बाई, रंग घेताय की मुलीसाठी स्थळ बघताय?”

ती ओशाळली. तरी शेवटचं तिने विचारलंच. “मावशी, माझा रांजण मेला तर?”

रंगारीण म्हणाली, “शिक्का देईन. माझ्या रांजणातली एक जिवंत घागर देईन. मला येतं तेवढं सगळं शिकवीन. रांजण मेला तर हाक मार, मी येईन. पण रोज सकाळी त्याचा वास घ्यायला मी येणार नाही, पोरी. गिऱ्हाईकही आणून देणार नाही. ते तुझं तू बघायचं.”

हात कोपरापर्यंत निळे होईस्तोवर विणकरीण तिथे राहिली. मग घागर जिवापाड जपत घरी गेली.

इकडे शहरात व्यापाऱ्याच्या कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात वाहून गेला. लोकांच्या पाठी निळ्या झाल्या, अंथरुणं निळी झाली, आणि शिव्या मात्र मोराला बसल्या. व्यापारी रंगारणीच्या दारात येऊन नाव खोटं म्हणून ओरडला. तिने शिक्का परत घेतला. शिकल्याशिवाय कुणाला नाव दिलं ही आपलीही चूक, असं ती कबूल झाली.

ही बातमी माळावर पोचली, आणि नेमका तेव्हाच विणकरणीचा रांजण मेला. फेस गेला, वरची तांब्यासारखी साय गेली, उग्र घाण सुटली. तिने तर सगळं शिकवल्या मापाने घातलं होतं. हाक मारावी तर व्यापाऱ्यासारखा आपलाही शिक्का जाईल, न मारावी तर रांजण गेलेलाच. शेवटी तिने वाटेने जाणाऱ्या तांड्याबरोबर निरोप धाडला.

रंगारीण आली. शिक्क्याकडे तिने पाहिलंही नाही. रांजणात बोट बुडवून जिभेवर टेकवलं.

“हे पाणी माझ्या ओळखीचं नाही,” ती म्हणाली.

जिला सगळं येतं असं वाटत होतं, तिलाच हे येत नव्हतं.

“पण रांजण माझाही आहे,” असं म्हणून रंगारणीने पदर खोचला.

एकीला रांजण ठाऊक, दुसरीला पाणी. इथल्या पाण्यात हात बुळबुळतात, रिठ्याशिवाय कपडे स्वच्छ निघतात, असं विणकरणीने बोलता बोलता सांगितलं. रंगारणीच्या ध्यानात आलं. चुन्याचा तिखटपणा इथल्या पाण्यात आधीच होता! तिने शिकवलेलं माप गोड्या नदीचं होतं, म्हणून इथे चुना जास्त झाला होता. मग दोघींनी चुना बंद केला, गूळ आणि टाकळ्याचं पाणी वाढवलं, नवं शेणखत रचलं आणि वाट बघितली. रंगारीण घरी गेली नाही.

एका सकाळी रांजणावर फेस फुलला. गाव जमलं. विणकरणीने कापड बुडवलं आणि वर उचललं. हिरवं. माळावरून वारा आला, आणि ते हिरवं हळूहळू निळं होत गेलं, नदीकाठच्या निळ्याहूनही गहिरं. जन्मभर हेच पाहत आलेल्या रंगारणीने नकळत हात जोडले.

“पोरी,” ती हलकेच म्हणाली, “हे पाणी आता तू मला शिकव.”

तेव्हापासून खाऱ्या पाण्याच्या कितीतरी गावांत मोराचा शिक्का गेला. नवा माणूस आला की रंगारीण आधी त्याच्या गावच्या पाण्याची चौकशी करी, आणि मगच शिक्का हातात देई.

बोध: दुसऱ्याच्या नावाने धंदा मांडताना त्याच्याकडून विद्या आणि अडल्या वेळची साथ हक्काने मागावी, रोजची राखण मात्र आपली आपणच करावी.