तिवरांच्या बनातली खिडकीपरी

खाडीकाठी, पांढऱ्याशुभ्र मिठाच्या ढिगांमागे, सावरी नावाची पोर राहायची. झोपडी एवढीशी, भूक मात्र घरभर. आय दिवसभर मिठागरात राबायची, म्हणून दुसरीतच सावरीची शाळा सुटली आणि कडेवर आली तान्ही बहीण, बकुळा. तरी सावरी कधी कुरकुरली नाही. तुकडाभर भाकरीतला चिमूटभर चुराही ती चिमण्यांना घालायची.

एक दिवस बकुळेला जुलाब लागले. दुपारपर्यंत पोर मलूल झाली. इवले ओठ सुकले, रडायला डोळ्यांत पाणीही उरलं नाही. शेजारची भिवराआत्या दारात ठाण मांडून बसली.

"पाणी पाजू नका गं! घातलं की खालून वाहतं. पोट सुकू दे, आपसूक थांबेल."

"पण आत्या, ती जीभ बाहेर काढतेय."

"दोन बुकं शिकली नि मला शिकवते! हो बाजूला."

मिठागरातून धावत आलेल्या आयने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. वस्तीत सगळे असंच करत आलेले. चूक जुनी झाली म्हणून बरोबर होत नाही. पण हे सांगणार कोण?

सावरी पळत सुटली ती तिवरांच्या बनात. हिरव्या-सोनेरी पानांत बसून मुसमुसू लागली. तोच मिठाचा एक खडा लखलखला. निळा, गुलाबी, मोतिया! त्यातून बोटाएवढी परी निघाली. तिचे पंख म्हणजे पातळ काचेच्या चिमुकल्या खिडक्याच!

"रडू नको, बाळे," परी म्हणाली. "उपाशी राहून घास वाटतेस, म्हणून तुला खिडकी उघडून देते. मोठी माणसं हिला वेबसाइट म्हणतात. तीनदाच उघडेल हं, दर वेळी वेगळी! वाचायचं आपलं आपण. आणि दोन वेगळ्या खिडक्या एकच सांगतील, तेव्हाच खरं मानायचं. एखादी खिडकी उरली, तर तिच्याकडे स्वतःसाठी चंदेरी झगा माग."

पहिली खिडकी उघडली. आत नुसता झगमगाट! 'हा मंत्र दहा जणांना धाडा, बाळ बरं होईल.'

"सांगणाऱ्याचं नाव कुठाय?" सावरीने विचारलं.

"नाहीच," परी म्हणाली.

"मग याचं कोण ऐकतंय!"

दुसरी खिडकी साधी, पांढरी. खाली डॉक्टरांची नावं. सावरी बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवू लागली. 'जु-ला-बा-त पा-णी द्या.' एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. लहान चमच्याने, घोट घोट. आणि लगेच दवाखाना गाठा.

आता एकच खिडकी उरली. चंदेरी झगा डोळ्यांपुढे सळसळला, टिकल्या चमचमल्या. सावरीने डोळे गच्च मिटले.

"झगा राहू दे, परीताई. दुसऱ्या डॉक्टरांना विचारते."

तिसरी खिडकी उघडली. तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. सावरी वाऱ्यासारखी घरी आली आणि धापा टाकत सगळं बोलून गेली. आत्या फणकारली, "पोरीचं ऐकून लेकरू घालवशील!"

"आत्या, अंगातलं पाणी वाहून चाललंय. मग भरायला नको?"

आयने बकुळेच्या सुकल्या ओठांकडे पाहिलं. ती उठली.

"भिवराताई, वाट सोड."

पाण्याला आधण आलं, मग ते गार झालं. साखर-मीठ विरघळलं. चमचा चमचा बकुळेच्या ओठी लागला, आणि तिला कडेवर घेऊन दोघी दवाखान्यात पोचल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाटेतही पाजत राहिलात, म्हणून पोर शुद्धीवर आहे."

चार दिवसांनी बकुळा खुदुखुदू हसू लागली. आय म्हणाली, "मिठागराच्या बांधावर हिची झोळी बांधते मी. सावरे, तू उद्यापासून शाळेत जा."

संध्याकाळी केशरी उन्हात परी पुन्हा आली. तिने पंखातली एक काच काढून सावरीच्या तळहातावर ठेवली. "ही तुझी. कितीदाही उघड."

तेवढ्यात भिवराआत्या आली. इकडेतिकडे बघत पुटपुटली, "मला काय करायचंय म्हणा! पण माझं नाव कसं दिसतं, तेवढं दाखव की गं."

"ये आत्या, बस." सावरीने तिचं राठ बोट हाती धरलं आणि मिठाच्या चुऱ्यात हळूच 'भि' काढला. अक्षर निळं, गुलाबी, मोतिया लखलखलं. परी त्या उजेडात मिसळून गेली.