न थांबणारी गाडी

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शेवंताबाईंचा पाय उत्तमशेठ निमसे यांच्या ट्रकखाली गेला. पाय गेला बाईंचा, आणि रुबाब मात्र शेठच करत होते. म्हणे, बाईच आडव्या आल्या, ड्रायव्हरला डुलकी लागलीच नव्हती. शेवंताबाईंना सरकारकडून मोफत मिळालेल्या वकील नसीम बागवान कोर्टात उठल्या, तेव्हा साक्षीला उभे असलेले शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असे पुटपुटले, "फुकटची वकील."

नसीमताईंनी अदबीने विचारलं, "शेठ, तुमच्या गाडीतली द्राक्षं उशिरा पोचत असतील ना?"

"आमची गाडी सांगलीहून निघाली की थेट दिल्ली. मध्ये थांबायचं नावच नाही."

"मग सोबत दुसरा ड्रायव्हर देत असाल."

"कशाला? एकटा पुरतो."

"बिचाऱ्याला झोप मिळत नसेल."

शेठ चिडले. "भरपूर मिळते. गाडीतच झोपतो तो."

"गाडी थांबत नाही, ड्रायव्हर एकटा, आणि तो झोपतो गाडीतच," नसीमताई म्हणाल्या. "मग तो झोपल्यावर गाडी कोण चालवतं, शेठ?"

शेठनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"बसा आता," नसीमताई म्हणाल्या. "फुकटात एवढंच मिळतं."