बांगडकडा

पाहुणे, इथून पुढं जाऊ नका. पाय आत घेऊन इथंच बसा. समोरच्या कड्याच्या पोटाला काळी सुपं लोंबल्यासारखी दिसतात ना, ती आग्या माश्यांची पोळी. आता गार आहे म्हणून शांत आहेत. उन्हं चढायच्या आत आपण खाली उतरू. नकाशात ह्या कड्याचं नाव दुसरंच काहीतरी लिहिलंय. आम्ही ह्याला बांगडकडा म्हणतो. का म्हणतो, ते माझ्या आजोबांनी मला सांगितलं. त्यांना कुणी सांगितलं, हे त्यांनाही आठवत नव्हतं.

त्या काळी आमचं आंबेकोंड वीस-बावीस घरांचं होतं, असं सांगतात. नाचणी पिकायची ती माघापर्यंत पुरायची. चैत्रात कड्यावरचा मध आणि मेण उतरवायचं, घाटाखाली न्यायचं आणि बदल्यात भात नि मीठ आणायचं. मध नाही तर पावसाळ्यात चूल गार. म्हणून कडा म्हणजे देवीचं काम, आणि त्याचे नियम मोठे कडक. कमरेला दोर बांधून खाली उतरायचं ते पुरुषानं. बाईनं कड्याच्या माथ्यावर पाऊल टाकायचं नाही. दोर मात्र बायकांनीच वळायचा. पूर्वजांच्या हातचे जुने दोर देवळात असत, त्यांच्यावर दरसाल अंबाडीच्या सालीच्या वाखाचा नवा थर चढवायचा. पण त्या दोरांबद्दल बाईनं बरंवाईट बोलणं म्हणजे अपशकुन. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की कड्यावर ‘भ्या’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. जो काढील त्याला देवी हातातून सोडते.

कड्याचा म्होरक्या होता धावजी. तीस चैत्र तो उतरला होता. त्याचा एकुलता एक मुलगा नवशा, वीस-बावीस वर्षांचा. त्याचं राहीशी नुकतंच लग्न झालं होतं. नवशाचा जिवाचा दोस्त लुमा. एका चैत्रात दोघं शेजारी शेजारी दोन दोरांवर उतरले. नवशानं पाहिलं, लुमाचे ओठ पांढरे पडले होते.

“लुमा, काय होतंय रं?”

“कुठं काय,” म्हणून लुमा हसला. दोराची गाठ सैल झाली होती ती नीट करायला त्यानं हात नेला, पण बोटं वळेनात. वरच्यांना हाक मारली असती तर त्यांनी ओढून घेतला असता. त्यानं हाक मारली नाही. नवशाच्या डोळ्यांदेखत तो गेला. खाली पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला म्हणे.

गावानं म्हटलं, लुमाच्या मनात भ्या आलं असणार, म्हणून देवीनं सोडलं.

ते वर्ष नवशानं कसं काढलं ते त्याचं त्याला माहीत. जेवताना घास हातातून पडायचा. ओढ्यात दगड पडला तरी तो दचकायचा. राहीनं विचारलं तर तोही म्हणायचा, “कुठं काय.” आणि असं म्हणताना आपल्या तोंडून लुमाच बोलतोय असं वाटून त्याच्या अंगावर काटा यायचा.

पुन्हा चैत्र आला. कमरेला दोर बांधून नवशा कड्याच्या काठाशी गेला आणि तिथंच खिळला. सगळ्या पुरुषांसमोर तो बापाला म्हणाला, “बाबा, मला भ्या वाटतंय. माझे हात माझं ऐकत नाहीत.”

मग एकेकानं दोर सोडला, जणू विस्तव हाती आला. त्या दिवशी कुणीच उतरलं नाही.

धावजीनं पोराला देवळापुढं आणलं, राहीला बोलावलं आणि म्हणाला, “सूनबाई, तुझ्या हातातल्या बांगड्या उतरव आणि ह्याच्या हातात चढव. आजपासून हा बायकांत.”

राही गयावया करू लागली. “मामंजी, जित्या नवऱ्याची बायको मी. मोकळे हात कशी ठेवू?”

“मला लेक नव्हताच असं समज,” धावजी म्हणाला.

पुरुषाच्या पंजातून त्या बांगड्या जाईनात. दोन फुटल्या, रक्त आलं. दोन चढल्या. त्या दिवसापासून नवशाशी एकही पुरुष बोलला नाही. वाटेत दिसला तर माना फिरवायचे. तो पाणी भरी, दळण दळी, बायकांबरोबर वाख वळी. आधी आधी तो आपल्या हातांकडं बघत बसायचा. हे हात कुणाचे, आपण आता कोण, हेच त्याला कळेना. मेलेल्यालासुद्धा गाव नावानं आठवतं. ह्याचं नाव कुणी घेत नव्हतं.

पण बायकांत एक गोष्ट त्यानं पहिल्यांदा ऐकली. विहिरीवर त्या उघड बोलायच्या. एक म्हणे, मला बाळंतपणाची धास्ती वाटते. दुसरी म्हणे, घरधनी कड्यावर गेला की परत येईस्तो मी उंबऱ्यातून हलत नाही. ऐकणारी हसायची नाही. “मी येते सोबतीला,” म्हणायची. आणि एक दिवस देवळातल्या दोरावर थर चढवताना राहीनं जुना दोर बोटांनी उकलून त्याला दाखवला. आतून त्याचा भुगा झाला होता.

“हे तुम्हाला ठाऊक होतं?” नवशानं विचारलं.

“बायकांना दरसाल ठाऊक असतं,” राही म्हणाली. “सांगायचं कुणाला?”

नवशा तसाच बापाला सांगायला गेला. धावजीनं तोंड फिरवलं. मग त्या हिवाळ्यात नवशानं आणि राहीनं, पोटात जुना दोर न घालता, अख्खा नवा दोर वळला.

चैत्रात धावजी स्वतः कमरेला दोर बांधून उभा राहिला. वय झालं होतं, गुडघे दुखत होते. पण घराची गेलेली अब्रू परत आणायची होती. तो देवळातलाच दोर घेऊन चढला. मागून नवशा आणि राही नवा दोर घेऊन धावत निघाले, त्यांच्यामागं आणखी चार बाया. माथ्यावर पोचेपर्यंत धावजी काठावरून खाली गेला होता. बायका पाहून पुरुष ओरडले, “मागं व्हा! देवी कोपेल!” आणि त्याच वेळी दोर तटकन तुटला.

धावजी पडला तो खालच्या कपारीवर. कड्यातून बाहेर आलेल्या एका मुळीला त्यानं मिठी मारली. पोळं उठलं. माश्यांचा आवाज असा, की छातीत घुमत होता. पुरुष मागं मागं सरकले. बाईच्या पावलानं हे झालं, असंच ते पुटपुटत होते. तेवढ्यात खालून आवाज आला, कुणी कधी न ऐकलेला. तीस वर्षांचा म्होरक्या लहान पोरासारखा ओरडत होता, “नवशा... नवशा रं...”

नवशानं नवा दोर कमरेला बांधला. पाच बाया दगडाला पाय रोवून खाली बसल्या, सगळ्यांत पुढं राही. तो उतरू लागला आणि दर हातभर दोराला ओरडू लागला, “भ्या वाटतंय!” वरून राही ओरडायची, “धरलंय!” पुन्हा तो, पुन्हा ती. आवाज कापरा झाला की राही दोर थांबवायची, सावरला की सोडायची.

कपारीवर धावजीची मिठी सुटेना. तोंड सुजून डोळे मिटले होते. नवशानं अंगावरचं घोंगडं त्याच्या डोक्यावर टाकलं आणि कानाशी म्हणाला, “बाबा, म्हणा, भ्या वाटतंय. म्हणा. मग हात सुटतात.”

अखेर धावजीनं तसं म्हटलं. म्हणताना रडला, असं सांगतात. मग त्याची बोटं एकेक करून सुटली, आणि नवशानं त्याला आपल्याच दोराला बांधून घेतलं.

दोघांना एकदम ओढणं त्या बायांच्या ताकदीबाहेरचं होतं. दोर ताणला, राहीचे तळवे सोलून निघाले. तेव्हा लुमाचा म्हातारा बाप गर्दीतून पुढं आला आणि राहीच्या मागं बसून त्यानं दोर धरला. मग बाकीचे आले.

दोघं वाचले. धावजीचा एक डोळा कायमचा गेला. राहीच्या मोकळ्या हातांत बांगड्या भरायला कासार आणला, त्याच्या पुढ्यात धावजी आधी जाऊन बसला आणि त्यानं स्वतःचा हात पुढं केला म्हणे. त्यानंतर तो कड्यावर कधी गेला नाही. बायकांत बसून मरेपर्यंत दोर वळत राहिला.

आजही आमच्याकडं दोराचा पुढचा हात बाईचा असतो. उतरणारा तिच्यापुढं बसतो, भ्या वाटतं म्हणून सांगतो, मग ती त्याच्या मनगटात एक बांगडी भरते. त्याशिवाय दोर मिळत नाही. मी एकोणीस वेळा उतरलो, एकोणीस वेळा सांगितलं. एकदाही खोटं सांगावं लागलं नाही.

गेल्या चैत्रात आमच्या भावकीतला पोरगा दशरथ शहरातून आला. लोखंडी हुक, नायलॉनचे पट्टे, डोक्यावर टोपी. माझी सून ताराबाई दोरावर होती. हा हसून म्हणाला, “काकी, मला नाही वाटत भ्या. हे सामान बघा की.” तिनं बांगडी डबीत ठेवली, दोर गुंडाळला आणि म्हणाली, “मग आज नको.” तो चिडला, चार पावलं गेला, परत आला. काठाशी उभा राहून त्यानं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिच्यासमोर बसून काहीतरी पुटपुटला.

तारानं डबी उघडली नाही. म्हणाली, “मोठ्यानं सांग, बाळा. मागं दोर धरणाऱ्यांनाही ऐकू गेलं पाहिजे.”